फार्मसीला विचारा

अमेरिकेतल्या टीचिंग हॉस्पिटलांचा पाडवा एक जुलैला असतो. त्या दिवशी नवे इंटर्न कामावर येतात, कालपर्यंतचे इंटर्न रातोरात सीनियर होतात, आणि शहाणी माणसं त्या आठवड्यात आजारी पडायचं टाळतात. नवा इंटर्न लांबूनच ओळखू येतो. त्याचा कोट पांढरा असतो आणि चेहरा कोटापेक्षा पांढरा. मेडिसिनच्या वॉर्डात त्याच दिवशी आणखी एक माणूस नव्यानं येतं, पण ते नवं वाटत नाही. आमचा राउंड आठला निघतो आणि ते सहालाच येऊन बसलेलं असतं. यादीतल्या एकूण एक पेशंटची औषधं, क्रिएटिनिन, कल्चरचे रिपोर्ट, पेशंटचं खरं वजन आणि पेशंटनं सांगितलेलं वजन, हे सगळं एका चौघडी कागदावर चार रंगांच्या पेनांनी उतरवून झालेलं असतं.

या माणसाला नाव असतं. ते बॅजवर छापलेलंही असतं, पण बॅज नेहमी उलटाच लटकतो. त्यामुळे वॉर्ड त्याला खात्याच्या नावानं हाक मारतो. "फार्मसी, हे पोटॅशियम बघतेस का?" "फार्मसीला विचारा." "फार्मसी कुठे गेली?" फार्मसी जेवायला गेली, हे उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

मिडवेस्टातल्या एका हॉस्पिटलात मी मेडिसिनचा डॉक्टर आहे. दर जुलैला आमच्या टीमच्या वाट्याला अशी एक फार्मसी येते. अधूनमधून 'येतो'ही, पण बहुतेक वेळा 'येते', म्हणून तसंच लिहितो. माणूस दरवर्षी बदलतं, नमुना तोच राहतो.

हा नमुना काय असतो ते सांगलीच्या घरी समजावून सांगायचा प्रयत्न मी करून पाहिला आहे.

"म्हणजे औषधाच्या दुकानात बसते," आत्या म्हणाली.

दुकानात नाही आत्या, हॉस्पिटलात.

"मग हॉस्पिटलातल्या दुकानात."

नाही, वॉर्डात. आमच्याबरोबर फिरते.

"आणि औषध लिहितं कोण?"

आम्ही.

"देतं कोण?"

नर्स.

आत्यानं जरा विचार केला. "मग ही काय करते?"

या प्रश्नाच्या उत्तराला आठ वर्षं लागतात. सहा वर्षं कॉलेजात काढून फार्म.डी. ही पदवी, मग लायसन्सची परीक्षा. इथे थांबलं तरी उत्तम पगाराची नोकरी मिळते, आणि पुष्कळजण थांबतात. नमुना थांबत नाही. तो एक वर्षाची सर्वसाधारण रेसिडेन्सी करतो, आणि तेवढ्यानं भूक न भागल्यामुळे आणखी एक वर्ष एकाच विषयाला वाहून घेतो. विषय अनेक आहेत : कॅन्सर, आयसीयू, जंतुसंसर्ग, बालरोग. असे सुटसुटीत विषय सोडून जी मंडळी मोठ्या माणसांचं इंटर्नल मेडिसिन निवडतात, त्यांची जात वेगळी. बाकीच्यांना एखादा अवयव आवडतो. यांना कुठलाच सोडवत नाही. हृदय दमलेलं, मूत्रपिंड कुरकुरतंय, साखर वर, सोडियम खाली, मध्येच गाउट उसळलेला आणि एकोणीस औषधं चालू, अशा पेशंटच्या दाराशी आम्ही सगळे सुस्कारा टाकतो. ही हिरवं पेन काढते.

या हौसेपोटी तिला शेजारच्या खुर्चीतल्या पक्क्या फार्मासिस्टच्या निम्म्याच्या आसपास पगार मिळतो. ठरावीक शनिवार-रविवारी खाली मुख्य फार्मसीत ऑर्डरी तपासायची पाळी असते ती वेगळीच. आठवड्याला सरासरी ऐंशी तासांच्या वर काम करायचं नाही असा नियम आहे. मर्यादा ऐंशीची घालावी लागली, यावरून काय ते समजावं. आणि हे स्थळ काही सहजी मिळत नाही. डिसेंबरात एका अवाढव्य अधिवेशनात गडद रंगाचे सूट घातलेली तरुण मंडळी या टेबलावरून त्या टेबलावर हिंडतात, पुढे मुलाखती होतात, मग उमेदवारांनी हॉस्पिटलांची आणि हॉस्पिटलांनी उमेदवारांची पसंतीची यादी द्यायची, आणि मार्चात संगणक त्या याद्यांवरून जोड्या लावतो. पत्रिका जुळवण्याचाच प्रकार, फक्त मंगळाच्या जागी रिसर्च पोस्टर असतं. हॉस्पिटलात फार्मासिस्टला अशी उमेदवारी करायला लावण्याची कल्पना १९२७ साली मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलात हार्वी व्हिटनी यांनी पहिल्यांदा अमलात आणली. तेव्हा शिकायचं ते औषध बनवायला. आता शिकायचं ते मुख्यतः औषध थांबवायला.

नमुन्याची पहिली खूण म्हणजे बोलणं. डॉक्टरनं लिहिलेलं चूक आहे, असं ती मरेपर्यंत म्हणणार नाही. तिच्या बोलण्याच्या पायऱ्या असतात आणि त्या ओळखायला शिकावं लागतं. "मी सहज चार्ट बघत होते," अशी सुरुवात झाली की कुणाचा तरी डोस मूत्रपिंडाला झेपणारा नाही. "एक छोटासा प्रश्न होता," म्हणजे रक्त पातळ करणारी दोन औषधं एकाच पेशंटला चालू आहेत. आणि "यामागचा तुमचा विचार समजून घ्यायला आवडेल," म्हणजे कुणीतरी जीवघेणं काहीतरी लिहिलं आहे आणि ते हिनं नर्सला फोन करून आधीच थांबवलं आहे. एका इंटर्ननं हे तिसरं वाक्य शब्दशः घेतलं. त्यानं आपला विचार खरोखरच समजावून सांगायला घेतला, अगदी रोगाच्या मुळापासून. ती मान हलवत ऐकत होती. तो दमल्यावर म्हणाली, "फारच छान. फक्त ते औषध प्यायचं असतं. तुम्ही शिरेतून लिहिलंय."

दुसरी खूण म्हणजे हिशेब. पेशंटची मूत्रपिंडं किती काम करतात हे काढायचं तिचं आवडतं सूत्र आहे : एकशे चाळीसातून वय वजा करा, वजनानं गुणा, बहात्तर गुणिले क्रिएटिनिननं भागा, आणि पेशंट बाई असेल तर उत्तराला ०.८५ नं गुणा. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या कॅनडातल्या दोघांनी १९७६ साली २४९ पुरुषांच्या तपासण्यांवरून हे बसवलं. बायकांसाठीचं ते ०.८५ नुसतं अंदाजानं चिकटवलेलं. "म्हणजे जगातली अर्धी माणसं गेली कित्येक वर्षं पंधरा टक्क्यांनी कमी धरली जातायत," असं एका वर्षीच्या फार्मसीनं मला कॉफीच्या रांगेत तावातावानं ऐकवलं, आणि कॉफी हातात पडायच्या आत त्याच सूत्रानं एका बाईंचा डोस काढून दिला. हाडकुळ्या म्हाताऱ्या पेशंटचं क्रिएटिनिन ०.५ आलं तर ते तसंच धरायचं की वर ओढून १ करायचं, यावरून या जमातीत दोन पंथ आहेत. त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होत नसावा.

आणि चौकश्या! अमेरिकेत दर दहा पेशंटांमागे एकाच्या चार्टवर 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' असं लाल अक्षरात लिहिलेलं असतं. नीट तपासलं तर त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना ती नसते. पण लाल अक्षर म्हटलं की डॉक्टर बिचकतो आणि साध्या औषधाऐवजी तोफ काढतो. फार्मसी खुर्ची ओढून पेशंटच्या उशाशी बसते.

"अ‍ॅलर्जी कधी झाली?"

"लहानपणी. आई सांगायची."

"काय झालं होतं?"

"ते आई सांगायची नाही."

"अंगावर पुरळ? श्वास अडकला?"

"तसं मला नाही झालं. भावाला झालं होतं."

"मग तुम्हाला...?"

"एकाच घरातले ना आम्ही!"

एवढ्यावर ती थांबत नाही. गेल्या वर्षी दात काढला तेव्हा कुठल्या गोळ्या दिल्या होत्या, त्या दुकानाचा फोन नंबर काय, असं करत करत ती त्या दुकानाला फोन लावते आणि दहा मिनिटांनी आमच्यासमोर येऊन उभी राहते. "अमॉक्सिसिलिन. सात दिवसांचा कोर्स. काहीही झालं नाही." खुनी सापडला तरी कुठल्या इन्स्पेक्टरला इतका आनंद होत नसेल, जितका हिला खूनच झाला नव्हता हे सिद्ध करून होतो.

वाचन हा तिचा दुर्गुणच म्हणायला हवा. हृदयाच्या औषधांच्या मोठमोठ्या चाचण्यांना आद्याक्षरं जुळवून नावं ठेवायची इकडे पद्धत आहे, आणि ठेवणाऱ्यांनी ग्रीक तत्त्वज्ञांना सोडलेलं नाही. 'प्लेटो' २००९ ची, साडेअठरा हजारांवर पेशंटांची, टिकाग्रेलॉर या औषधाची. 'अ‍ॅरिस्टॉटल' २०११ ची, अपिक्साबान विरुद्ध वॉरफरिन. आणि 'सॉक्रेटिस' सगळ्यांत शेवटी, २०१६ ची. फार्मसी ही नावं घरच्या माणसांची घ्यावीत तशी घेते, पेशंटसमोरसुद्धा. एकदा एका निवृत्त शाळामास्तरांच्या खोलीत तिनं जाहीर केलं, "अ‍ॅरिस्टॉटलप्रमाणे यांना वॉरफरिनपेक्षा अपिक्साबान चांगलं."

मास्तर उठून बसले. "आणि प्लेटोचं काय म्हणणं आहे?"

"प्लेटो हार्ट अटॅकवाल्यांसाठी होता," ती गंभीरपणे म्हणाली. "तुम्हाला लागू नाही."

"सॉक्रेटिस?"

"पक्षाघाताच्या पेशंटांत त्याला अ‍ॅस्पिरिनपेक्षा सरस ठरता आलं नाही."

"बिचारा," मास्तर म्हणाले. "त्याला औषध कधी लाभलंच नाही."

ती हसली नाही. तिनं ते बहुधा लिहून घेतलं.

इंटर्नल मेडिसिनच्या फार्मसी रेसिडेंटची वर्षभरात कोणकोणत्या आजारांशी गाठ पडायला हवी याची यादी ठरलेली असते. काही आजारांवर नुसती चर्चा चालते, काहींचा पेशंट प्रत्यक्ष सांभाळावा लागतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टात माणुसकी शाबूत असलेली मुलगी फेब्रुवारी-मार्चात यादीकडे बघून "थायरॉईड स्टॉर्म अजून राहिलंय," असं हळहळत म्हणते. एकदा तर त्याच रात्री खरोखरच तसा पेशंट आला. ताप, नाडी दीडशेच्या वर, नजर भिरभिरती. आम्ही सगळे घामाघूम झालो होतो आणि फार्मसीचा चेहरा उजळला होता. इंटर्ननं घाईघाईत थायरॉईडला लगाम घालणारं औषध आणि आयोडीन दोन्ही एकाच वेळी लिहिलं. तिला त्या इंटर्नचा विचार समजून घ्यायला आवडला. आधी लगाम, मग कमीत कमी तासाभरानं आयोडीन. उलट झालं तर चवताळलेल्या ग्रंथीच्या हाती आयतंच इंधन पडतं. ती तास संपेपर्यंत घड्याळ हातात धरून नर्सच्या बाजूला उभी होती. पेशंट सुधारला, त्याच्या बायकोनं आम्हा डॉक्टरांना डोनट आणले. फार्मसीनं यादीत टिक केली.

तिचे दोन शत्रू आहेत. पहिला डॉक्युसेट, शौचाला मऊ व्हावी म्हणून हॉस्पिटलात सरसकट लिहितात ती गोळी. उपयोगाचा पुरावा फार तोकडा, पण ती लिहायचा हात थांबत नाही. दुसरा शत्रू मोठा : पँटोप्रॅझोल. हे चांगलं औषध आहे, गरज असेल त्याला संजीवनी आहे. पण आयसीयूत पोटाच्या संरक्षणासाठी चार दिवस म्हणून सुरू होतं, पेशंटबरोबर वॉर्डात येतं, वॉर्डातून घरी जातं, आणि दहा वर्षांनी पेशंट पुन्हा येतो तेव्हा त्याच्याबरोबर असतंच. का घेता म्हणून विचारावं तर पेशंट म्हणतो, डॉक्टरांनी दिलंय. कुठल्या? ते आता नाहीत. फार्मसी अशा नोंदीसमोर थबकते, आणि तिच्या डोळ्यांत जे येतं त्याला मी करुणा म्हणणार नाही.

गेल्या वर्षीची फार्मसी मराठी निघाली. आई-बाबा नोकरीसाठी इकडे आलेले, हिचा जन्म इथलाच, मराठी महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या शाळेत शिकलेली. वॉर्डात ती मला 'डॉक्टर' म्हणायची आणि गणपतीच्या आरतीला 'काका'. मंडळाच्या गणपतीत हायस्कूलच्या कॅफेटेरियात प्रसादाची एक रांग असायची आणि फार्मसीपुढे दुसरी. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर हळदीच्या कॅप्सूल चालतात का, अश्वगंधा थायरॉईडला काय करते, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं हे खरं का. एका काकांनी तर डबा उघडून सगळ्या गोळ्या रुमालावर ओतल्या आणि म्हणाले, "यांतली कुठली नको ती काढून टाक." तिनं तीन काढल्या. काका इतके खूश झाले की त्यांनी पुढच्या वर्षाच्या वर्गणीची पावती तिच्याच नावानं फाडली.

मात्र तिची खरी परीक्षा झाली ती साताऱ्याहून आलेल्या एका आजींच्या वेळी. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, बाथरूममध्ये घेरी येऊन पडल्या. हाड वाचलं, पण बीपी पायाशी. औषधं काय घेता म्हटल्यावर आजींनी पेढ्यांचा डबा पुढे केला. आत गोळ्यांच्या पट्ट्या, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दुकानदारानं मोजून कात्रीनं कापलेल्या. नाव अर्ध्यात तुटलेलं, तारीख दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेली. अमेरिकेतल्या संगणकाला आपल्याकडच्या ब्रँडांची ओळख नाही. इंटर्ननं डब्याचा फोटो काढला आणि 'विविध' असं लिहिलं. फार्मसीनं तो शब्द खोडला.

"आजी, ही गोळी कधीपासून घेतो?"

"मी घेते," आजी म्हणाल्या. "तू घेतोस का?"

मिलिग्रॅममध्ये जिचा हात कधी हलला नाही, तिचं मराठीतलं लिंग असं घसरायचं. ती लाजली नाही, तेही तिनं कागदावर कोपऱ्यात लिहून ठेवलं. मग पट्ट्यांचे तुकडे टेबलावर मांडून, कापलेल्या कडा एकमेकींना लावून, मागच्या बाजूचं बारीक अक्षर मोबाइलच्या उजेडात वाचत बसली. तरी दोन तुकडे उरले. शेवटी तिनं आजींच्या मुलाला विचारलं, "आजी औषध कुठून आणतात?" सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे साताऱ्यात रात्र, पण दुकान उघडं. व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर मेडिकलवाले, मागे खोक्यांची भिंत, पुढे गिऱ्हाइकांचे हात.

"आजींचं ना? सांगतो. बीपीची पांढरी सकाळची, ती आपल्या डॉक्टरांची. दुसरी लांबट, ती पुण्याच्या हार्टवाल्यांनी दिलेली, त्यात दोन औषधं एकत्र येतात." त्यांनी खोकी उचलून कॅमेऱ्याला दाखवली. दोन वेगळी नावं, दोन वेगळे रंग, आणि दोन्हींत टेल्मिसार्टन. आजी तेच औषध महिनोन् महिने दोनदा घेत होत्या.

"आणि सकाळी उपाशीपोटी ती पॅन-डी," मेडिकलवाले म्हणाले.

माझ्या शेजारी एक खोल श्वास घेतला गेला. पँटोप्रॅझोल सात समुद्र ओलांडून आलं होतं, आणि येताना डोम्पेरिडोनला बरोबर घेऊन आलं होतं, ज्याला अमेरिकेत विक्रीची परवानगीच नाही आणि जे हृदयाची लय बिघडवू शकतं. "ही का देतात?" तिनं विचारलं.

"आजींना पित्त झालं होतं."

"कधी?"

मेडिकलवाल्यांनी आत कुणाला तरी विचारलं. "वन्संच्या लग्नात," आतून उत्तर आलं. वन्संची मुलगी आता बारावीला आहे, असंही समजलं.

पुढची पंधरा मिनिटं त्या दोघांचं जे चाललं होतं ते मी ऐकत होतो. मात्रा, वेळा, गेल्या महिन्यात आजींनी काय नेलं नाही, कुठली गोळी गिळताना त्या कुरकुरतात. मेडिकलवाल्यांना आजींच्या औषधांतलं आमच्या अख्ख्या टीमपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि त्यांचा चार्ट त्यांच्या डोक्यातच होता. शेवटी त्यांनी कौतुकानं विचारलं, "मॅडम, आपलं मेडिकल कुठं?"

"सहाव्या मजल्यावर," ती म्हणाली.

"चालतं का वरती?"

"बरं चालतं."

आत्याला हे कळवायला हवं होतं.

रेसिडेंटचं स्वतःचं मोजमापही अव्याहत चालू असतं. प्रत्येक कौशल्यापुढे शेरा : 'सुधारणा हवी', 'समाधानकारक प्रगती', 'साध्य', आणि सर्वांत वरचा म्हणजे 'रेसिडेन्सीपुरतं साध्य'. तिला शेरे द्यायला मार्गदर्शक फार्मासिस्ट असतात, त्यांना शेरे द्यायला ती असते, आणि शिवाय तिनं स्वतःला शेरा द्यायचा असतो. अशा वातावरणात वर्षभर राहिलं की माणसाच्या बोलण्यात तेच येतं. मंडळाच्या होळीला हिनं आईच्या पुरणपोळीला 'समाधानकारक प्रगती' दिली. घरात दोन दिवस अबोला होता.

त्याहून विचित्र प्रकार म्हणजे तिची कामगिरीची वही. ती संगणकात असते. तिनं सुचवलेला प्रत्येक बदल तिथे नोंदवायचा आणि त्यामुळे काय टळलं तेही. टळलेल्या गोष्टीला हॉस्पिटल डॉलरांत किंमत लावतं, कारण न लावली तर पुढच्या वर्षी ही जागा कशाला हवी, असं हिशेबखातं विचारतं. सर्जननं काढलेला अपेंडिक्स बरणीत घालून दाखवता येतो. न झालेला रक्तस्राव कशात घालणार? एका आजोबांचं उदाहरण सांगतो. अपिक्साबान रोज दोनदा पाच मिलिग्रॅम चालू. वय ऐंशी किंवा वर, वजन साठ किलो किंवा खाली, क्रिएटिनिन दीड किंवा वर, यांतल्या दोन गोष्टी जमल्या की डोस निम्मा करायचा असतो. आजोबांचं वजन सत्तावन्न, क्रिएटिनिन ठीक, वय एकोणऐंशी आणि ऐंशीव्या वाढदिवसाला दोन रात्री बाकी. नर्सनी फुगे बांधले, स्वयंपाकघरानं बिनसाखरेची जेली पाठवली. फार्मसीनं आदल्या दिवशीच निरोप ठेवला होता : उद्या सकाळपासून अडीच.

"ऐंशी वर्षं टिकलो," आजोबा म्हणाले, "आणि बक्षीस म्हणून अर्धी गोळी?"

"हो," ती म्हणाली. "अभिनंदन."

आजोबांना पुढे काहीही झालं नाही. ते तिनं वहीत नोंदवलं.

जूनच्या अखेरीस हॉस्पिटलनं रेसिडेंटांना जेवण दिलं. प्रशस्तिपत्रकं वाटली गेली, भाषणं झाली. आमच्या मराठी फार्मसीला इथल्याच एका शहरात पूर्ण पगाराची नोकरी लागली होती. आई-बाबा आले होते. आई माझ्या शेजारी बसल्या होत्या, आणि सूप संपल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारलंच. "डॉक्टर, खरं सांगा. हिनं वर्षभर नेमकं केलं काय?"

मी आठवत गेलो. एका आजी पुन्हा पडल्या नाहीत. एका बाईंची किडनी बंद पडली नाही. एका आजोबांच्या पोटात रक्तस्राव झाला नाही. एकाला चुकीच्या वेळी आयोडीन मिळालं नाही. एकाला अ‍ॅलर्जी नव्हती.

आई थांबून राहिल्या, पुढे काही येईल म्हणून. "म्हणजे काही झालंच नाही?"

"नाही ना, आई!" समोरून लेक खुलून म्हणाली. "अख्खं वर्ष!"

"निम्म्या पगारात," बाबा म्हणाले.

आईंनी पर्स उघडली. छातीत जळजळतंय म्हणाल्या, आणि बाटलीतून कॅल्शियमची चघळायची गोळी काढून तोंडात टाकली. लेकीचं हसू मावळलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आईंची थायरॉईडची गोळी रात्री झोपताना घ्यायची, हे तिनंच ठरवून दिलं होतं, कारण सकाळी चहाआधी तासभर थांबणं त्यांना जन्मात जमलं नसतं. आणि थायरॉईडची गोळी व कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर लागतं.

"साडेआठ," ती म्हणाली. "आता आज साडेबाराच्या आधी ती गोळी घ्यायची नाही. आणि घेतल्याशिवाय झोपायचं नाही."

बाबांचा हात एव्हाना त्याच बाटलीकडे निघाला होता. तो त्यांनी पाण्याच्या पेल्याकडे वळवला.